एकाच फरशीचे दोन भाव

नागसेन मगरे नवा माणूस भेटला की आधी त्याच्या गावाकडचा मजुरीचा रोज विचारतो. नाव, गाव, नातीगोती ही चौकशी नंतर. माझं स्टेशनरीचं दुकान तीर्थपुरीच्या स्टँडला लागून आहे आणि एस.टी.ची वाट बघत नागसेन तिथंच बाकड्यावर बसतो, त्यामुळं हे मी रोजच ऐकतो. गाडीतून उतरलेला प्रवासी अजून पिशवी सावरत असतो तेवढ्यात नागसेन म्हणतो, "कुठून आले? तिकडं फरशीच्या मिस्त्रीला काय देतात?"

तो स्वतः फरशीचा मिस्त्री. हात इतका सफाईचा की आमच्या गावात लोक टाइल घ्यायच्या आधी नागसेन मोकळा आहे का ते बघतात. पण ही रोज विचारायची सवय त्याला फार नडली. चुलतभावासाठी घरचे त्याला घेऊन परतूरकडं मुलगी बघायला गेले, तेव्हा पोह्यांची बशी हातात पडताच त्यानं मुलीच्या वडलांना मिस्त्रीचा भाव विचारला. त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितला. "आपल्यापेक्षा पन्नासनं कमीच हाये," असं नागसेन सगळ्या बैठकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. मुलीच्या बापाला वाटलं, ही देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली. लग्न जमलं, पण त्यानंतर घरच्यांनी नागसेनला मुलगी बघायला नेलं नाही.

दोन वर्षं तो पुण्यात राहून आला होता. पुण्याचा रोज आमच्या दीडपट. "मंग परत काहून आला?" असं विचारलं तर म्हणायचा, "पुण्यात जास्त भेटतं, पण भेटलेलं पुण्यातच राहतं." खोलीचं भाडं, खानावळ, येण्या-जाण्याचा खर्च. परत येताना त्यानं काय आणलं, तर फरशीची पातळी बघायची एक भारी लेव्हल ट्यूब आणि पुण्यातल्या बारा वस्त्यांचे भाव.

नागसेनबरोबर कामावर असायची त्याची बायको संध्या. लग्न झाल्यापासून ती त्याच्या हाताखाली माल कालवायची, टाइला भिजत घालायची, उचलून द्यायची, फटींत पांढरं सिमेंट भरायची आणि शेवटी सगळी फरशी पुसून काढायची. घरमालक काम झालं की पैसे नागसेनच्या हातात द्यायचा. जोडीचं काम, जोडीचा पैसा. त्यात कोणाचं किती, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नव्हतं, रोज विचारत फिरणाऱ्या नागसेनच्याही नाही.

मागच्या साली त्याला जालन्याच्या एमआयडीसीत, एका लोखंडाच्या कारखान्याच्या ऑफिसची फरशी बसवायचं काम मिळालं. तिथं दुपारच्या जेवणाला भट्टीवरचा एक कामगार त्याच्याशेजारी येऊन बसला. राधेश्याम नाव, बिहारकडचा. नागसेननं डबा उघडायच्या आधी विचारलं, "तुम्हारे उधर रोज क्या देते?"

"इधर का आधा," राधेश्याम म्हणाला. "वो भी काम मिला तो."

"मंग तुम जालने को पैसे के वास्ते आए?"

"और काहे के वास्ते आएँगे, भैया? हवा खाने?"

नागसेन घास घ्यायचा विसरला. जालन्याहून पैशासाठी लोक पुण्याला जातात, मुंबईला जातात, हे त्याला ठाऊक होतं. पण कोणी पैशासाठी जालन्याला येतं, ही गोष्ट त्याला अगदी नवी होती. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन त्यानं मला ती अशी सांगितली की जणू जालन्याला समुद्र सापडला. "आपून ज्या गावाला नावं ठेवून राह्यलो, तिथं लोक दोन-दोन दिवस गाडीत बसून येतेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राधेश्यामनं आणखी एक माहिती दिली. त्याचा साला केरळात टाइलचंच काम करत होता आणि त्याला जालन्याच्या जवळजवळ दुप्पट रोज मिळत होता. झालं. तिथून पुढं नागसेनला सगळा देश बाथरूमच्या फरशीसारखा उतरता दिसायला लागला. एका कोपऱ्याला उंच, एका कोपऱ्याला खोल, आणि आपण मधेच कुठंतरी बसलेलो.

घरी त्यानं विषय काढला तेव्हा संध्या पीठ मळत होती.

"केरळात? तिथं कोण हाये आपलं?"

"राधेश्यामचा साला."

"आपलं कोण, असं म्हणलं मी."

"मिस्त्री लोक सगळे आपलेच असतेत."

नागसेनचे वडील अप्पाराव बाजेवर बसून ऐकत होते. त्यांना पैशाची नाही, वेगळीच काळजी पडली. "तिकडं लुंगी नेसतेत म्हणं. मापाची टेप कुठं अडकवशील?"

"मी पँटच घालीन की, बाबा."

"आन् मी?" संध्यानं विचारलं. "मी कोणाच्या हाताखाली माल कालवू?"

नागसेन म्हणाला, चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मुलगी अक्षता नववीत होती, तिची शाळा मोडता येत नव्हती, म्हणून संध्या मागं राहिली आणि नागसेन जालन्याहून मनमाडला आणि मनमाडहून केरळच्या गाडीत बसला.

एर्नाकुलमजवळच्या पेरुंबावूरला राधेश्यामच्या साल्यानं त्याला ठेकेदारापुढं उभं केलं. ठेकेदारानं वर-खाली बघून विचारलं, "बंगाली?"

"नहीं. महाराष्ट्र. जालना."

"ओके," ठेकेदार म्हणाला आणि मागं वळून दुसऱ्याला सांगितलं, "नवा बंगाली आलाय." बाहेरून मजुरीला आलेला प्रत्येक जण तिथं बंगालीच. नागसेननं आठवडाभर महाराष्ट्र, छत्रपती संभाजीनगर, जालना, तीर्थपुरी असं उतरत्या क्रमानं समजावून पाहिलं. मग एका सकाळी कोणी "ए बंगाली" म्हणून हाक मारली आणि त्याच्या तोंडून आपसूक "ओ" निघालं, तेव्हा त्यानं नाद सोडला.

ज्या घराचं काम होतं, त्याचा मालक साठीचा. सगळे त्याला चेट्टन म्हणायचे, म्हणजे तिकडचं दादा. हा चेट्टन तरुणपणी दुबईला गवंडी होता, त्यामुळं त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. नागसेननं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "दुबई में मिस्त्री को क्या देते?" आजवर भेटलेल्या सगळ्या माणसांत हा एकच असा निघाला की ज्याला हा प्रश्न आवडला. त्यानं खुर्ची ओढली आणि दुबई, मस्कत, कुवेत, सगळ्यांचे भाव वर्षावार सांगितले. त्याचा मुलगा आता तिकडंच होता. आमचा नागसेन केरळला पैशासाठी आला होता आणि केरळचा मुलगा पैशासाठी आणखी पुढं गेला होता. दोघांची तिथल्या तिथं दोस्ती जमली.

कामाची रीतही वेगळी होती. सकाळी चहा, त्याच्यासोबत पिकल्या केळ्याची भजी, दुपारी जेवायला पुरता तास, आणि पाच वाजले की काम बंद. पहिल्या दिवशी नागसेन सवयीनं पुढं काम करत राहिला, तर चेट्टननं येऊन मेन स्विच पाडला. टाइल कापायचा कटर हातातच बंद पडला. "पाँच," चेट्टन म्हणाला. "पडोसी बोलेंगे, बंगाली को मारता है." मग इतक्या लवकर मोकळा झालेला नागसेन हातपाय धुऊन बसायचा आणि आता काय करायचं ते त्याला कळायचं नाही. म्हणून तो संध्याला फोन करायचा. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती दोघं जेवढी बोलली नव्हती, तेवढी त्या महिन्यात बोलली.

अशाच एका संध्याकाळी त्याचा फोन आला तो चिडून. झालं असं होतं की, हॉलच्या अर्ध्या भागाला नागसेन आणि उरलेल्या अर्ध्याला तिथलाच एक मल्याळी मिस्त्री लावला होता. नागसेननं सवयीप्रमाणं त्याचा रोज विचारला आणि त्यानंही लपवलं नाही. नागसेनपेक्षा चांगला तीनशेनं जास्त होता. नागसेन ठेकेदाराकडं गेला. ठेकेदार शांतपणे म्हणाला, "लोकल रेट अलग, बंगाली रेट अलग. इधर ऐसा ही है."

"एकाच फरशीवर," नागसेन फोनवर सांगत होता. "तीच टाइल, तोच माल, तोच हॉल. त्याला जास्त आन् मला कमी. काहून? तर मी बाहेरचा. हा काय न्याय झाला?"

"न्हाई झाला," संध्या म्हणाली.

"माझं काम त्याच्याहून सरस हाये. चेट्टनला विचार."

"आसंल की. त्याला तुमच्याहून तीनशे जास्त?"

"तीनशे."

"आन् मला तुमच्याहून किती कमी हाये हो?"

नागसेननं फोन कानापासून काढून बघितला. त्याला वाटलं, फोन कटला.

"मी हाये," संध्या म्हणाली. "इचारून राह्यले. तुमाला सगळ्या मुलखाचा भाव पाठ हाये. माझा किती? मी कोणत्या राज्यात बसते?"

"तू घरची हाये."

"मंग घरच्या राज्याचा रेट सांगा."

दुसऱ्या दिवशी नागसेननं तो रेट राधेश्यामच्या साल्याला विचारला, तर तो म्हणाला, अपनी औरत को कौन पगार देता है. मग त्यानं चेट्टनला विचारलं. चेट्टननं तो प्रश्न मल्याळममधे स्वयंपाकघरात बायकोला ओरडून सांगितला. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज आला, त्यानंतर ती काहीतरी लांबलचक बोलली. चेट्टननं त्याचं हिंदी केलं नाही. फक्त म्हणाला, "काम करो, काम करो."

इकडं तीर्थपुरीत निराळंच चाललं होतं. शाळेतल्या प्रीती मॅडमच्या बाथरूमची फरशी खचली होती. मिस्त्री बघावा तर कोणी पुण्याला, कोणी नाशिकला. संध्या त्यांना म्हणाली, "मी बसवून देते." मॅडमनी विचारलं, "येतं का तुम्हाला?" संध्या म्हणाली, "बसवून बघते, न्हाई आलं तर काढून टाकते." बसवली ती चांगली बसली. मग मॅडमच्या शेजारणीचं, मग तिच्या बहिणीचं. बाथरूममागं बाथरूम अशी संध्या गावात पसरत गेली.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला नागसेन परत आला. पुन्हा जाणारच होता. पण आल्या दिवशी, नीट चहाही न घेता, तो लेव्हल ट्यूब घेऊन प्रीती मॅडमच्या घरी गेला. बाथरूममधे उकिडवा बसून त्यानं प्रत्येक टाइल बोटानं वाजवली. मग तांब्याभर पाणी ओतलं आणि बघत बसला. पाणी कुठं न थांबता जाळीत गेलं. त्यानं पुन्हा ओतलं. ते पण गेलं. बाहेरून मॅडमनी विचारलं, "काही राहिलंय का हो?"

"न्हाई मॅडम. बघून राह्यलो नुसतं."

माझ्या दुकानात आला तेव्हा मी विचारलं, "कसं काय?" तो म्हणाला, "कोपऱ्यातली एक टाइल जराशी पोकळ वाजती." असं सांगताना त्याला बरं वाटत होतं की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ शेटचं काम आलं. खत-बियाण्याचं दुकान असलेला हा माणूस अंबड रस्त्याला नवं घर बांधत होता. वास्तूची तारीख तोंडावर आली होती, म्हणून त्यानं दोघांनाही मिस्त्री म्हणून बोलावलं. बेडरूम नागसेनला, हॉल संध्याला. भाव ठरवताना म्हणाला, "नागसेनला मिस्त्रीचा रोज. संध्याला बाईचा, म्हणजे निम्मा."

"शेट, टाइल बसवायची का माल कालवायचा?" संध्यानं विचारलं.

"बसवायची. पण बाईमाणसाचा रोज निम्माच असतो ना. मी का नवीन सांगून राह्यलो?"

"मंग जेवढा भाव, तेवढी फरशी."

बद्रीनाथ हसला. त्याला ती गंमत वाटली. नागसेन टाइलच्या खोक्यावरचा मजकूर वाचत उभा राहिला.

घरी जाताना संध्या म्हणाली, "तुमी काहून बोलले न्हाई?"

"आपल्याकडं असंच असतं," नागसेन म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला पेरुंबावूरचा ठेकेदार आठवला. शब्दाला शब्द तोच.

काम सुरू झालं. संध्यानं दरवाजापासून खिडकीच्या भिंतीपर्यंत दोरी धरली आणि हॉल बसवत आणला. सुरेख काम होतं. बरोबर मधोमध आल्यावर तिनं शेवटची टाइल ठोकून बसवली, फटी भरल्या, फडकं मारलं, हात धुतले आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. पलीकडच्या अर्ध्यात नुसता मुरूम.

दुपारी बद्रीनाथ आला. "माल संपला का?"

"न्हाई."

"टाइला?"

"त्या काय, पडल्यात."

"मंग बसली काहून?"

"माझा भाव संपला, शेट."

बद्रीनाथनं आधी फरशीकडं बघितलं, मग मुरुमाकडं, मग बेडरूमच्या दारात रबरी हातोडा घेऊन उभ्या असलेल्या नागसेनकडं. "नागसेन, समजावून सांग हिला जरा."

नागसेनला मी चांगला ओळखतो. भांडणाचा माणूस नाही तो. पण त्या दिवशी तो जागचा न हलता म्हणाला, "शेट, केरळात एका हॉलात मला कमी आन् शेजारच्याला जास्त देत होते. मी इचारलं काहून, तर म्हणे तू बंगाली. आता मी बंगाली न्हाई हे मला ठाव हाये, पण म्हणलं, चला, काहीतरी कारण तरी सांगितलं त्यानं. हिला कमी काहून, ते तुमीच हिला सांगा. मला सांगता येत न्हाई. मी घरी ट्राय करून बघितलं."

एवढ्यात बद्रीनाथची बायको तुळजाबाई दोन पाहुण्या बायकांना घर दाखवायला घेऊन आली. हॉलच्या मधोमध फरशी संपलेली बघून ती थांबली. काय झालं ते तिनं संध्याकडून ऐकून घेतलं. मग चप्पल काढून बसवलेल्या अर्ध्यावरून या टोकापासून त्या टोकाला चालत गेली आणि परत आली.

"ही हिनं बसवली?" तिनं विचारलं.

"हो," नागसेन म्हणाला.

"मंग उरलेली मी बसवू का आता?" हे तिनं नवऱ्याला विचारलं, आणि पाहुण्या बायकांना जिना दाखवायला घेऊन गेली.

बद्रीनाथ खुर्ची ओढून बसला. त्याची अडचण पैशाची नव्हती, हे मला नंतर त्यानंच सांगितलं. हिला पुरुषाचा रोज दिला असं गावात झालं, तर वरच्या मजल्यावर विटा वाहणाऱ्या बाया उद्या विचारतील, शेतातल्या परवा. संध्याला ते कळलं असावं. ती म्हणाली, "शेट, रोज सांगायची पंचाईत होत असंल तर रोजच नका देऊ. फुटावर द्या. जेवढे फूट भरतेन, तेवढा पैसा. फुटाला कुठं कळतंय बाई का गडी."

बद्रीनाथला यातून सुटका दिसली. मिस्त्रीला चालू असलेला फुटाचा भाव दोघांना ठरला आणि संध्या उठली. फुटावर काम म्हटल्यावर नागसेनही बेडरूममधे भराभर चालायला लागला. पण तो दर तासाला तंबाखू मळायला बाहेर यायचा, केरळातल्यासारखा पाचला थांबायचा, आणि संध्याला असलं काही लागत नव्हतं. हॉल आटोपून तिनं स्वयंपाकघरही घेतलं, आणि काम संपल्यावर टेप लावली तेव्हा तिचे फूट जास्त भरले. नागसेननं हॉल पुन्हा मोजला. मग टेप उलट्या बाजूनं धरून मोजला. तुळजाबाई दारात उभी राहून बघत होती, म्हणून तिसऱ्यांदा मोजला नाही.

बद्रीनाथची भीती खोटी नव्हती. वरच्या मजल्यावर विटा वाहणारी बेबीनंदा दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं. विटांना फूट लागत नाही, त्यामुळं तिचं पुरतं जमलं नाही. थोडं वाढवून मिळालं. बाकीच्या बायांना तेवढंही नाही. ती अजून विचारतेच आहे.

केरळातून चेट्टनचा फोन येतो अधूनमधून. दुसऱ्या मजल्याचं काम काढलंय, ये म्हणतो. नागसेननं त्याला सांगितलं, आलो तर दोघं येऊ, आणि फुटावर येऊ. अक्षताची दहावी झाल्यावर बघू, असं संध्याचं म्हणणं. तोवर दोघांची कामं वेगवेगळी चालतात. एक तीर्थपुरीत असलं तर दुसरं घनसावंगीला, आणि बाथरूम म्हटलं की लोक संध्यालाच बोलावतात, हे नागसेनला पटलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी माल भरायला जुन्या जालन्यात गेलो होतो, तेव्हा ती दोघं हार्डवेअरच्या दुकानात दिसली. संध्याला तिचा स्वतःचा कटर घ्यायचा होता. दुकानदार एकेक मशीन काढून नागसेनपुढं ठेवत होता, त्यालाच समजावत होता. नागसेन नुसता मान डोलवून ते संध्याकडं सरकवत होता. तिनं तीन-चार उचलून बघितले, हातात तोलले, बटण दाबलं आणि शेवटी एक मधला घेतला. परतीच्या एस.टी.त आम्ही एकत्रच होतो. कंडक्टरनं खोक्याकडं बघून, याचं लगेज पडंल, म्हणून सांगितलं. संध्यानं खोकं मांडीवर घेतलं. "मांडीवरच्याचं तिकीट नसतं," ती म्हणाली. कंडक्टर पुढं गेला आणि ती खिडकीकडं तोंड करून, खोक्यावर दोन्ही हात ठेवून, तीर्थपुरी येईपर्यंत तशीच बसून राहिली.